पिच्चरपेक्षा लाह्या महाग

माहं माहेर केदारखेड्याचं, भोकरदन तालुक्यातलं. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली गया आन माह्या पाठची शेवंता. मायबाप दोघंबी दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचे, मंग आम्हा पोरींचं लगीन म्हणजे काय, जिथलं स्थळ आलं तिथं दिलं. शेवंताला दिलं तिकडं घनसावंगीकडं, उसाच्या पट्ट्यात, आन मला दिलं इथं जालन्यात, मस्तगडाच्या अंगाला. शेवंता म्हणायची, अक्का, तुहं बरंय, तुह्या दाराम्होरं टाकीज हाये. दाराम्होरं म्हणजे तसं काय न्हाई ताई, दोन गल्ल्या सोडून व्हतं, पण माह्या मालकाची नोकरीच टाकीजातली, डोअरकीपर व्हते ते. तिकीट फाडायचं, अर्धं आपल्याकडं ठेवायचं, अर्धं पब्लिकच्या हातात द्यायचं, आन आत अंधार झाला की बॅटरी मारून खुर्ची दाखवायची. लई रुबाब व्हता त्या बॅटरीचा. लग्नात नवरदेवाला बी एवढा मान नसंल.

ते काविळीनं गेले. पोरगं लहान व्हतं माहं. काय करावं काय न्हाई, काय सुधरंना मला, तव्हा टाकीजच्या शेठनं निरोप धाडला, म्हणे बाई, कँटीनवाला सोडून गेला, तुम्ही भजे तळता का. मी म्हणलं तळते. मंग काय, मुगाचे भजे, तळलेल्या मिरच्या, खारे शेंगदाणे, चहा. इंटरवलची घंटी झाली की अशी झुंबड पडायची की कढईत हात गेला तरी कळायचं न्हाई. हे बघा, हातावरचे हे डाग तव्हाचेच हायेत. पोरगं त्याच भज्यांवर शिकलं, आता सळईच्या कंपनीत हाये, पाळीपाळीनं जातंय.

तर मी काय सांगून राह्यले व्हते, हां, भाव. तुम्ही भावाचं इचारलं ना. शेठनं मला पैल्याच दिशी सांगितल्तं, बाई, बाहेर रोडवर भज्याचा जो भाव तोच आत, त्याच्यावर एक पैसा न्हाई. मी म्हणायचे केवढा देवमाणूस हाये, पब्लिकची केवढी काळजी. आता इतक्या वर्सांनी मी जव्हा इचार करते तव्हा मला वाटतं, देवमाणूस व्हता का, का गेटच उघडं व्हतं म्हणून? कारण इंटरवलला लोकं बाहेर जायचे, गाड्यावर खायचे, आन अर्धं तिकीट दाखवून परत आत यायचे. मी महाग इकलं असतं तर माह्याकडं आलं कोण असतं? आन हाच शेठ सणासुदीला माह्या जागेचं भाडं वाढवायचा बरं का. मंग त्याला चांगला म्हणावं का काय म्हणावं, माहं मलाच कळंना झालंय.

आन ब्लॅकचं तर इचारूच नका. नवा पिच्चर लागला की खिडकीवर हाऊसफुलची पाटी, आन पाटीच्या खालीच ब्लॅकवाला उभा, दुप्पट भाव. लोकं त्याला काय म्हणायचे सांगू? भाऊ म्हणायचे. भाऊ, दे ना दोन, दादा, बायको आलीय सोबत, कर ना काहीतरी. हातापाया पडून महाग घ्यायचे आन वरून त्याला पान खाऊ घालायचे. त्याला कोणी कधी चोर म्हणल्याचं मी तरी ऐकलं न्हाई. हे मी काहून सांगून राह्यले ते पुढं कळंल तुम्हाला.

ते टाकीज बंद पडलं. आता तिथं दुकानं झाली, फरशीची, नळाच्या तोट्यांची. मी घरी बसले. आन आता बघा, माही नात पूजा, पोराची पोरगी, बी.ए. झाली, दोन-चार ठिकाणी अर्ज केले, आन नोकरी कुठं लागली तर नव्या टाकीजात. थंडगार, गालिचे, सरकता जिना. तिथं ती मक्याच्या लाह्या इकती. त्या पोरीनं पैल्या दिशी त्या लाह्याचा भाव सांगितला तव्हा मी म्हणलं पूजा, आजीची मस्करी करती का. ती म्हणे न्हाई आजी, खरंच. काय सांगू तुम्हाला, ताई, एका डब्याच्या पैशात आमच्या घरी आठवडाभराचं दूध येतं. तिकिटापेक्षा लाह्या महाग! आन तिकिटाचं बी एक न्हाई, सकाळी येगळं, संध्याकाळी येगळं, रविवारी आणखीन येगळं. मी म्हणलं पिच्चर तोच, खुर्ची तीच, मंग रविवारी काय हिरो दोनदा नाचतो का? पूजा हसून राह्यली नुसती.

मंग औंदा शेवंताच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. तिला घेऊन आलो जालन्याला, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. काळा चष्मा लावून माह्या घरी राह्यली ती. डॉक्टरनं मोकळीक दिली तव्हा मी इचारलं शेवंता, काय बघायचंय तुला ह्या नव्या डोळ्यानं, राजूरच्या गणपतीला जायचं का? तर ती कशी, लाजत लाजत म्हणे, अक्का, मला मोठ्या पडद्यावर पिच्चर दाखव. मला इतकं वाईट वाटलं. माहा नवरा टाकीजात, मी टाकीजात, आन माह्या सख्ख्या बहिणीनं जल्मात टाकीज पाहिलं न्हाई, गावात आला तो तंबूतला सिनेमा तेवढा एकदा, तो बी मागून. पूजाला तिकडून दोन तिकिटं भेटल्ती, कामाच्या लोकांना देतात म्हणे. ती म्हणे आजी, या दोघी दुपारच्या शोला.

शेवंताला शुगर हाये. टाइमावर खाल्लं न्हाई की तिला घाम फुटतो, हातपाय कापतात. म्हणून मी धपाटे केले, दही घेतलं डबीत, बराबर फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं. दारावर तो निळ्या ड्रेसवाला, त्यानं पिशवी उघडली. मावशी, हे आत चालत न्हाई. मी म्हणलं बापू, शुगरचं माणूस हाये. तो म्हणे गोळ्या घेऊन जा, जेवण न्हाई, पिशवी मी इथं कप्प्यात ठेवतो, जाताना घ्या. मी म्हणलं आरं बाबा, मी टाकीजात भजे तळलेली बाई हाये. तो म्हणे मावशी, माही नोकरी जाईल. आता त्याला काय बोलावं? त्याचं त्वांड बघून मला माहे मालक आठवले. तेबी दारावरच उभे राहायचे. मी म्हणलं चल शेवंता, इंटरवल व्हईल आत्ता, तिथंच काहीतरी घेऊ.

पिच्चर लई मोठा. इंटरवल व्हईना. झाला तव्हा मी म्हणलं शेवंता तू बस, मी आणते. बाहेर आले तर पूजाच्या काउंटरवर ही रांग! डोक्याला टोपी, हातात चिमटा, पोरगी घामाघूम त्या एवढ्या थंडीत. तिनं मला बघितलं, हातानं थांब म्हणली. माह्या म्होरं एक माणूस, पांढरा शर्ट, बायको, दोन लेकरं. बोर्ड वाचून त्याचं डोकं फिरलं. म्हणे ताई, ह्या लाह्या बाहेर कितीला भेटतात माहीत हाये का तुम्हाला? पूजा म्हणे सर, रेट मी न्हाई ठरवत. मंग कोण ठरवतं, बोलवा त्याला. सर, ते इथं नसतात. आन मंग ह्या पोरीनं काय म्हणावं, त्यांना शिकवलेलं असतं म्हणे, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणावंच लागतं, सर, थोडे पैसे आणखी दिले तर मोठा डबा येईल. झालं. तो असा भडकला, म्हणे आधी डबे बाहेर ठेवायला लावता, मंग आत लुटता, चोर आहात तुम्ही सगळे, चोर! सगळी रांग बघून राह्यली. पूजानं त्यानं मागितलेला कोल्ड्रिंकचा गिलास भरून त्याच्या म्होरं ठेवला आन खाली बघून राह्यली.

ताई, माहं एक मन म्हणालं, गया, जाऊन दे ह्याच्या कानाखाली, तुह्या नातीला चोर म्हणून राह्यला. आन दुसरं मन म्हणालं, त्याचं काय चुकलं? तूच तर घरी रोज हेच म्हणती.  नातीच्या बाजूनं व्हावं का त्या माणसाच्या, मला समजंना. तेवढ्यात मागं गलका झाला. बघते तर शेवंता भिताडाला धरून बाहेर आल्ती, काळा चष्मा, लुगडं घामानं चिप्प, आन माह्या डोळ्यादेखत गालिच्यावर बसली, बसली कसली, घसरलीच.

 पैला कोण पळाला सांगू? तोच. पांढऱ्या शर्टवाला. काउंटरवरचा कोल्ड्रिंकचा गिलास उचलूनच पळाला, गुडघ्यावर बसला, नळी तिच्या तोंडाला लावली, म्हणे मावशी, घोट घ्या, शुगर हाये का, माह्या आईला बी हाये, घ्या जल्दी, आणखीन एक. पूजा काउंटरखालून वाकून निघाली, टोपी पडली तिची, साखरेच्या पुड्या घेऊन आली. एका बाजूनं तो, एका बाजूनं पूजा, दोघं मिळून शेवंताचं डोकं धरून बसले. आत्ताच ज्यानं पूजाला चोर म्हणलं तो तिला म्हणून राह्यला, ताई, ती पुडी फोडा, जिभेवर टाका. आन ही म्हणून राह्यली, हो सर.

मॅनेजर आला, पूजापेक्षा चार वर्सांनी मोठं असंल पोरगं. मी म्हणलं आता पूजाची नोकरी गेली. त्यानं दारावरच्याला पाठवून माही पिशवी आणली, म्हणे खाऊ द्या त्यांना इथंच. आन माह्या कानाशी येऊन म्हणे, मावशी, कोणाला सांगू नका, बाहेरचं आत खायला बंदी हाये, मी सोता माहा डबा खाली गाडीवर बसून खातो. आता बोला. नियम लावणारा बी बाहेर खातो!

शेवंतानं धपाटं खाल्लं, तिच्या अंगात जीव आला. मी त्या माणसाला म्हणलं बापू, घे एक. त्यानं घेतलं, लेकरांनी घेतलं, बायको न्हाई न्हाई म्हणत तिनंबी घेतलं. त्या झगमगाटात आम्ही सगळे दही-धपाटे खाऊन राह्यलो. मला वाटलं आता तो जाईल गुमान. पण लेकरं कुठं ऐकतात, लाह्या पाहिजेत म्हणून रडायला लागले, आन तो परत रांगेत उभा राह्यला. पूजाकडूनच घेतल्या, मोठा डबा. पैसे दिले. चुकलो म्हणला न्हाई तो. नुसतं म्हणे, बिल नको.

मी म्हणलं शेवंता, घरी चल. ती म्हणे, अर्धा राह्यलाय ना अक्का. आन गेली आत. पडद्यावर नदी आली तव्हा माहा हात घट्ट धरला तिनं, म्हणे पलीकडच्या काठावरचं झाड दिसून राह्यलं मला.

दुसऱ्या दिशी सकाळी पूजा चहा घेता घेता म्हणे, आजी, मी चोर हाये का?  मी म्हणलं न्हाई गं बाई. ती म्हणे मंग तो माणूस खोटं बोलला का? आता आली का पंचाईत. मी म्हणलं न्हाई, तो बी खोटं न्हाई बोलला. ती म्हणे असं कसं, दोन्ही कसं? मी म्हणलं मला न्हाई माहीत. मंग तीच मला समजून सांगायला लागली, आजी, तिकिटातला पैसा निम्मा पिच्चरवाल्याकडं जातो, एसीचं लाइटबिल, जागेचं भाडं, माहा पगार, सगळं लाह्यावरच निघतं. मी म्हणलं असंल, पण मंग घरचा डबा काहून बाहेर ठेवायला लावतात? ती म्हणे, न्हाई लावला तर लाह्या कोण घेईल? मला अर्धं कळलं, अर्धं राह्यलं. लाह्या स्वस्त केल्या तर पोरीची नोकरी जाईल का काय, आन महाग ठेवल्या तर पोरगी रोज शिव्या खाईल. मी कोणाची बाजू घेऊ?

शेवंताला इचारलं तर ती म्हणे, महाग? अजिबात न्हाई, लई भारी व्हतं. मी म्हणलं बाई, तुहा एक रुपाया गेला का त्याच्यात? तिकीट नातीचं, कोल्ड्रिंक त्या बापूचं, धपाटे माहे. आता घरी परत गेली तर तिकडं गावात सांगून राह्यली म्हणे सगळ्यांना, जालन्याचं टाकीज बघा म्हणून. फोनवर तिचं तेच चालू असतं.

तुम्ही शिकलेल्या आहात ताई, तुम्हाला कळत असंल तर सांगा. न्हाई? तुम्हाला बी न्हाई? मंग जाऊ द्या. मी रोज रात्री ठरवते की पूजाला म्हणावं सोड ही नोकरी, आन रोज सकाळी तिचा ड्रेस इस्त्री करून ठेवते. आता बी निघालीच ती, आरशाम्होरं केस बांधून राह्यली बघा. मी तिला एवढंच सांगते, पूजा, कोणी बोललं तर ऐकून घे, पण नजर खाली नको घालू, तू काय कोणाचं वाईट केलं न्हाई. भाव कोणाचा का असंना, हात तुहा हाये, डबा भरताना काठाच्या वर शीग लावून भरत जा. ती म्हणे आजी, तेवढंच तर माह्या हातात हाये. जा बाई, सुखानं जा. आन तुम्ही बसा ताई, च्या ठेवते.