परशाची एक थाप

माझ्या हाताचं लई कौतुक करताय, म्हणून सांगतो. अनगोळात भजनाच्या मास्तरांकडं मी आणि परशा एकदमच पखवाज शिकलो. मी रोज रियाज करायचो, परशा नुसता ऐकायचा. पुढं कारखान्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्यानं वाजवणं सोडलं.

मास्तरांच्या बाराव्याला भजन होतं. वाजवायला मी. परशानं पखवाजाला कणीक लावून दिली आणि आवाज बघायला उरलेल्या बोटांनी एक थाप मारली.

आत बसलेल्या काकू, मास्तरांच्या घरच्या, उठून दारात आल्या. "परशा आलाय व्हय रं?"

"व्हय, काकू." त्यानं पखवाज माझ्याकडं सरकवला. "घे, वाजीव."

तासभर मी कुठंच चुकलो न्हाय. काकू परत दारात आल्या न्हाईत.