दोन चुलींचा आठवडा

तळोद्याचा बाजार आटोपून निघालेली बैलगाडी म्हसावदच्या वाटेवर संथ डुलत होती. गाडीवान पेंगला होता. गोणीला टेकून बसलेल्या दगूबाईचाही डोळा लागत होता. रतिलाल आणि नवल, तिचे दोघे मुलगे, होळीला भांडून वेगळे झाले, तेव्हापासून तिची झोप अशी कच्चीच असे. बाजूला दोघी सुना हळू आवाजात बोलत होत्या. धाकटी म्हणाली,

"जिजी, सोमवारले दोन्ही घरनी भाकर तुम्ही टाका. दोन्ही घरनी दाळ मी शिजाडसू."

"आन् पोचाडसू कशी? दोन्ही भाऊ दारमाच बसतस."

"मांगना दारथीन. मंगळवारले उलटं करूत. कामबी अर्धं, लाकडंबी कमी."

"त्यास्ले कळी जाई वं."

"कालदिन तुम्ही धाडेल भरीतवर आमना घरमा बोटं चाटात त्यास्नी. म्हने, आज काय टाकं व?"

"मंग? तू काय सांगं?"

"कांदा जास्ती टाकेल शे, म्हंतं."

दोघी तोंडावर पदर धरून हसल्या.

"बुधवारले खिचडी करूत. नवलभाऊले आवडस."

"दोन्हीस्ले आवडस, जिजी. ल्हानपने एकच ताटमा जेवेत."

मग दोघी बोटांवर गुरुवार, शुक्रवार, रविवार वाटून घेऊ लागल्या. दगूबाईला गुंगीतच ते पितळी ताट दिसलं, आणि लोणच्याच्या एकाच फोडीकडे सरकणारे दोन चिमुकले हात.

"शनिवार ऱ्हायना ना वं. त्या दिन कोन काय करी?"

"शनिवारले दोन्ही घरनं मी रांधसू," दगूबाई डोळे न उघडताच म्हणाली. "मन्हा हात वळखतीन ते. वळखू दे."