थोल: एक क्रियापद

हॅलो?… धनश्री? आत्ता? ड्यूटी नाही का तुझी?… ड्यूटीवरूनच? मग काय झालं?… मोठ्यानं बोल गं, खाली टेम्पोत पार्सलं चढवतायत. सुरतेत, त्यातून पर्वत पाटियाला कुठली शांतता…

कुठला शब्द?… थोल. नाही बाई, इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, हा शब्द कधी आला नाही. थांब, मोठी डिक्शनरी काढते… चष्मा कुठं… भाई, पछी आवजो! नंतर या!… तुला नाही गं, पाणीवाला आलाय.

हां, ऐक. थोल. क्रियापद. जुनं. आता फक्त स्कॉटलंडात आणि थोडं इंग्लंडच्या उत्तरेकडे… म्हणजे तुझ्याकडेच की! सोसणं. सहन करणं… कोण म्हणालं?… तुमच्या केअर होममधले आजोबा? पडले? कधी?… बरं… तू विचारलंस, दुखतंय का… आणि ते म्हणाले, ‘आय कॅन थोल इट’… हसून.

मग तू नोंदीत काय लिहिलंस?

…वेदना नाहीत?

धनश्री.

…‘मग ठीकच आहे’ काय? सोसवतंय म्हणजे ठीक?… अगं, ज्याला काही होत नाही, तो सोसेल कशाला? काय सोसेल? हवा?… हो, हो… अगं ऐक ना! हे क्रियापद नुसतं येतच नाही. त्याच्या मागं काहीतरी असतं, ते सोसायचं असतं…

आपल्याकडे काय आपल्याकडे? माहितेय मला. सोशीक म्हटलं की आपण कौतुक करतो. तुझे पप्पा पथरीनं उशी चावत होते, तरी ‘चाली जाई, चाली जाई’, निभेल म्हणे. आणि आपण दोघी चहा करत बसलो होतो… आता माझ्यावर ढकलू नकोस. शिकवलं असेल मीच सोसायला. तू आधी त्यांचा पाय बघ… पाय कसा आहे?… बाहेर वळलाय? आखूड वाटतो? अगं, खुब्याचं हाड मोडलं की असाच दिसतो!

डॉक्टर कुठायत?… तुझी नोंद वाचून निघाले? गाडीत बसले? मग पळ! कुणाला तरी पाठव!… पाठवलंस. बरं. तू आजोबांजवळ जा. त्यांना हलवू नकोस… फोन स्पीकरवर राहू दे चालू.

‘दुखतंय का’ नको विचारू, पुन्हा हसतील. त्यांच्याच शब्दात विचार… हो, तसंच. किती सोसताय, आजोबा? व्हॉट आर यू थोलिंग?… विचार तर.

…

…

काय म्हणाले?… रडतायत?

धना, तू नको रडू. हात धर त्यांचा. दुसऱ्या हातानं ते लिहिलेलं खोड, सही कर, वेळ टाक… चुकलं असंच सांग डॉक्टरांना… ओरडतील. ओरडू देत… नाही, अजिबात सोसायचं नाही, उत्तर द्यायचं… आले? दारात आहेत?

मग माझ्याशी काय बोलतेस? ठेव!

…ठेव म्हणते ना! मीच ठेवते.