लाल ठिपके

(कॅज्युअल्टीमागची नोंदींची खोली. दुपार. ताई इथली कारकून. धाकटी तिची सख्खी बहीण, कॅज्युअल्टीतली सिस्टर.)

धाकटी : तीन कमी पडतात, ताई. साहेबांना द्यायच्या यादीसाठी तिसऱ्यांदा मोजलं.

ताई : चौथ्यांदा मोज. साहेबांनी हुशार तुला म्हटलंय, मला नाही.

धाकटी : अगं, दुखण्याच्या गोळ्या जास्त घेऊन बेशुद्ध झालेले तुझ्या वहीत चाळीस. आणि त्याच गोळ्यांवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन दिल्याची आमची नोंद त्रेचाळीस.

ताई : मग तीन जास्त टोचली असतील. तुमच्या हातांना काय, सवयच.

धाकटी : तिन्ही त्याच महिन्यातली आहेत. मी प्रशिक्षणाला गेले होते ना, त्या.

ताई : हो, ते प्रशिक्षण. गळ्यात नावाचा बिल्ला घातलेला तो फोटो आई अजून शेजारणींना दाखवते. वीस वर्षं मी या खुर्चीत झिजले, माझा एक फोटो नाही तिच्याकडे.

धाकटी : आईला मध्ये कशाला आणतेस?

ताई : ती मध्ये नाही, मुळाशीच आहे. तीच तीच माणसं त्याच गोळ्यांपायी उचलून आणतात, हे आधी कुणाच्या लक्षात आलं? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. अशांपुढे समासात लाल ठिपके द्यायला लागले ती मी. तुला चहा पिताना सहज सांगितलं, आणि माझा चहा निवायच्या आत तू साहेबांच्या केबिनमध्ये.

धाकटी : तुझं नाव घ्यायला हवं होतं मी.

ताई : हवं होतं.

धाकटी : साहेब कौतुक करत होते आणि मला ते सोडवेना. लहानपणापासून तुझे उतरलेले कपडे घातले, ताई. एकदा काहीतरी कोरं मिळत होतं.

ताई : तेही माझंच उतरलेलं होतं, बाई.

धाकटी : होतं. आता ही पानं बघ. तीन ठिकाणी पोटदुखी लिहिलंयस. पोटदुखीला उताऱ्याचं इंजेक्शन कोण देतं?

ताई : घाईत चुकलं असेल.

धाकटी : चुकलं असतं तर समासात ठिपका नसता. तिन्हींपुढे आहे. वय त्रेपन्न, आणि पत्ता तुझ्या घरचा.

ताई : ठिपका हातानं आपोआप दिला. खोटं लिहिताना तो थांबलाच नाही.

धाकटी : भावजींना तीनदा आणलं, आणि मला कुणी एका शब्दानं बोललं नाही?

ताई : सगळ्यांपुढे मी हात जोडले. माझा नवरा तुझ्या यादीत जाणार, तू ती साहेबांना वाचून दाखवणार, ते मान डोलावणार. मला नसतं बघवलं.

धाकटी : यादीत नावं नसतात गं.

ताई : वरती तुझं असतं ना.

धाकटी : बरं. उद्या भावजींना हाडांच्या डॉक्टरांकडे नेते आहेस. ते आधी आपल्याकडची नोंद मागवतात. पोटदुखी दिसली की कंबरेसाठी पुन्हा त्याच गोळ्या लिहून देतील. चौथ्या वेळी इंजेक्शन वेळेत मिळेल, असं तू सांगू शकतेस?

ताई : पेन दे इकडे.

धाकटी : खाडाखोड नको. एकच रेघ, वर खरं कारण, शेजारी सही.

ताई : मला शिकवू नकोस. तू इथे नवी होतीस तेव्हा ही पद्धत मीच तुला दाखवली होती... हं. तिन्ही झाल्या. भरले तुझे त्रेचाळीस?

धाकटी : भरले. यादीवर तुझं नाव घालते. माझ्या आधी.

ताई : आधी नको, शेजारी चालेल. पण ठिपके माझे होते, हे आईला तू सांग.

धाकटी : सांगते. उद्या मी येऊ तुमच्याबरोबर?

ताई : ये. पण डॉक्टरांशी मी बोलणार.