सारजाबाईंच्या झोपेच्या इंजेक्शनबाबत

मी, सारजाबाई चांगदेव वाळुंज, वय ६२, धंदा शेती, रा. लोणी, ता. आंबेगाव, पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी मुलगा गोकुळ व सून तेजस्विनी यांच्यासोबत राहते. माझे पती जठराच्या कॅन्सरने वारले. यंदा मलाही जेवल्यावर पोटात आग होऊ लागली व वजन उतरले.

उन्हाळ्यात एका दवाखान्यात माझी दुर्बिणीची तपासणी झाली. मिडाझोलाम नावाचे गुंगीचे इंजेक्शन दिले, पण मी जागीच होते. नळी घशात जाताच उमासे आले व मी डॉक्टरांचा हात धरला. तपासणी अर्धवट राहिली. परत नळी घालून घेणार नाही, असे मी घरी सांगितले. गोकुळने बरेच दिवस समजूत काढली.

मागील आठवड्यात नारायणगावच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ श्रेया मॅडम माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आजी, मागचंच औषध वाढवून देता येईल. त्याचा अंमल उतरवायला इंजेक्शन आहे, पण गुंगी रेंगाळते. दुसरं प्रोपोफॉल. गाढ झोप लागते, जाग लवकर येते. पण श्वास पटकन मंदावू शकतो, आणि त्याला उतारा नाही. म्हणून मी उशाशी थांबेन."

मी म्हणाले, "मला झोपवा. पण तुमी हलू नका." गोकुळ तेव्हा गाडी लावायला गेला होता.

पुढचे मला नंतर समजले. माझा श्वास मंदावून मशीन वाजले. मॅडमनी दोन्ही हातांनी माझा जबडा वर उचलला, ऑक्सिजन वाढवला. श्वास लगेच सुधारला. दारातून गोकुळला मॅडमचे हात तेवढे दिसले. आईचा गळा दाबतात, असे समजून त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा मी उठून बसले होते व "नळी कवा घालताय?" असे नर्सला विचारत होते. तपासणी पूर्ण झाली होती.

पोटात अल्सर आहे. कॅन्सर नाही, असा रिपोर्ट काल आला. मी आता दोन्ही वेळा जेवते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गोकुळने वडिलांच्या आजारात फार पाहिले आहे, त्याच्यावर कारवाई करू नये. तो मॅडमना भेटून "चुकलं माझं" म्हणाला. मॅडमनी जबडा कसा उचलतात ते त्याच्याच हनुवटीला धरून दाखवले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. रिपोर्ट ऐकून गोकुळ रडला, हे लिहू नये अशी माझी विनंती आहे.