एका पंख्याचं कार्ड

सांगायचं नाही म्हणून आईनं बजावलंय, तरी सांगते शाकीरचाचा — महेश्वरअण्णा गाडी लावून येतोय, तोवरच. माझा थोरला भाऊ. त्याला तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड पाहिजे. ते तुम्ही दाखवूच नका. एका पंख्याचं द्या, ज्याला वेगळी वायर लागत नाही ते — आहे की तुमच्याकडं? गेम हळू चालंल? चालू दे की. मधेच बंद पडायला नको, एवढंच.

कसं होतंय, आमचा कापडाचा यंत्रमाग घरातच, खालच्या खोलीत. आईनं माग चालू केला की दिवे मंद होतात, आणि आत्ताच्या मोठ्या कार्डाला करंट पुरत नाही — कॉम्प्युटर बंद. आधीचं बारकं कार्ड होतं, ते एकदाही बंद पडलं नाही. पण अण्णा म्हणतो, बंद पडतंय म्हणजे कार्ड कमजोर, अजून मोठं घ्यायचं. आणि आई मुद्दाम करते म्हणून खाली जातो. माग बंद करायला? नाही — माग तो चालूच ठेवतो. मग आईचा आवाज गल्लीत जात नाही ना.

परवा अण्णानं मागातला धागा नेणारा धोटा घेतला हातात. लाकडी असतो, पण दोन्ही टोकांना लोखंड. आईचं मनगट लई सुजलंय, डाव्या हातानं धागे जोडते. कुणी विचारलं तर मागात हात अडकला म्हणायचं. मीपण तसंच म्हणते.

हा पोचा? हे आणलंय ते कॅबिनेट पडलं होतं. म्हणजे — पडलं नाही. काल केसाला धरून आईला वर आणलं, बघ म्हणाला, तुझ्यामुळं काय झालं, आणि डोकं ह्याच्यावरच — तो गंज नाही चाचा. राहू दे, तुम्ही हात लावू नका, मी पुसते.

पोलीस नको. आई मलाच बोलंल. तुम्ही फक्त एवढं सांगा, पत्रा आत गेलाय, लांब कार्ड बसत नाही. खोटं कुठंय त्यात, बसतच नाही की. दुकानदाराचं तो ऐकतो. मागाचं नाव काढू नका, माझंपण —

आले, अण्णा. काही नाही, मापच घेत होते. येते की, हात सोड — चाचा, ते मोठं कार्ड कशाला काढलंत, खाली ठेवा, ते बसत नाही —