चाखायची काडी वेगळी

...नाही हो, आजाराचं नाव काढू नका, बाबांना आजारानं नाही छळलं, छळलं ते पिठानं! बसा ना, उभे का? पाणी घ्या. साधंच आहे, पातळ, तुम्हाला चालतं... या घरात चार महिने पाण्याच्या पेल्याला आम्ही विषासारखे भ्यायचो! झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं, एक 'नाही' एवढाच शब्द शिल्लक राहिला, आणि गिळणं असं झालं की घोट पोटात जायचा सोडून छातीत. दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या बाई असतात... असतात, मलाही तेव्हाच कळलं! त्या म्हणाल्या, "हे बघा, सगळं घट्ट द्यायचं. सूप, दूध, पाणीसुद्धा. चमच्यातून मधासारखं सावकाश पडलं पाहिजे. पातळ झालं की छातीत जाणार, छाती भरली की मग नाकातून नळी." नळी म्हटल्याबरोबर बाबा ओरडले, "नाही!" उरलेला एकुलता एक शब्द, पण इतका जोरात, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

मी म्हटलं, बाई, घट्टच करायचं ना? अहो, आमचा पुस्तकं बांधायचा धंदा! बाबांनी पन्नास वर्षं खळ शिजवली, मी तीस वर्षं शिजवतोय. अर्धं गव्हाचं पीठ, अर्धं आरारूट, पाणी, मंद आच. जी खळ हजार पानांचा शब्दकोश धरून ठेवते तिला वाटीभर सूप धरता येणार नाही? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा त्याच दिवशी रिकामा झाला. पीठ कुणाचं ऐकत नाही, तुम्हाला सांगतो.

कारण ही दोन पिठं म्हणजे दोन सख्खे भाऊ. एका पातेल्यात नांदतात, पण पटत नाही! आरारूट, ते कंदाचं सत्त्व, ते थेट आमच्या धाकट्यासारखं, जरा ऊब लागली की फुगलं! पाणी धड वाफाळत नाही तोवर चकचकीत, घट्ट, चमच्याला तार. तुम्ही म्हणता, झालं, उतरवा. कुठलं झालं? गहू अजून कच्चाच! तो थोरला, म्हणजे मी, उकळी अंगाशी आल्याशिवाय हलायचं नाव नाही. आणि तोवर धाकट्यानं पाणी पिऊन टाकलेलं, थोरल्याच्या वाट्याला गुठळ्या! बरं, थोरल्यासाठी आच वाढवा, ढवळत राहा, तर धाकटा फुटतो, मघाचा मध आता नळाचं पाणी! आणि दोघांची मनधरणी करून कसंबसं उतरवलं, तर निवताना थोरला रुसून साबणाच्या वडीसारखा घट्ट... सुरीनं कापा आणि गिळा! वर धाकट्याचा फोन. "दादा, तू आच जास्त ठेवतोस." चार महिन्यांत दोनदा आला हो तो, पण आच मात्र त्याला रोज फोनवरून कळायची.

तरी मी जमवलं. थर्मामीटर आणला, वजनकाटा आणला, वही घातली. आठ दिवसांत ओट्यावर मध! आणि तोच मध खाटेजवळ नेला, पाच-सात चमचे भरवले, की वाटीत पाणी! का? थंड झाल्यावर उलट घट्ट व्हायला हवं ना? बाबांना ठसका, चेहरा निळा, मी पाठीवर थापा मारतोय, बायको रडतेय. दुकानदार बदलला, पातेलं बदललं, शेवटी बायकोवर ओरडलो, "तू यात पाणी घालतेस का?" ती म्हणाली, "घालते ना, मला दुसरे उद्योगच नाहीत!" आणि बाबा, ठसका थांबला की डाव्या हाताचं बोट उचलायचे, आधी चमच्याकडे, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटायचं, मीठ कमी. मी चमचा तोंडात घालून चाखायचो, मीठ टाकायचो, त्याच चमच्यानं ढवळायचो. बाबा आपले, "नाही, नाही, नाही!" मी म्हणायचो, "उभ्या जन्मात माझी खळ पसंत पडली नाही, आता कशाला पडेल?" पीठ कुणाचं ऐकत नाही, तुम्हाला सांगतो!

मग छाती भरली. एकदा, आणि परत एकदा. बाई म्हणाल्या, "आता पुन्हा असं झालं तर नळी घालावीच लागेल." बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाले, "नाही." त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं हो. मी म्हटलं, नाही घालू देणार.

घरी आलो आणि एकाच पातेल्यातल्या दोन वाट्या भरल्या, एक भरवली, एक ओट्यावर विसरलो. संध्याकाळी बघतो, भरवलेली पाणी, विसरलेली मध! पीठ एक, आच एक, फरक काय? ...विसरलेल्या वाटीला माझी जीभ लागली नव्हती. मी फरशीवरच बसलो. अहो, दुकानात खळीच्या पातेल्यावर बाबांनी खिळ्याला काडी टांगलेली असायची. कच्चं पीठ जिभेला कळतं म्हणून खळ चाखायचीच, पण चाखायची काडी वेगळी, ढवळायची वेगळी! नऊ वर्षांचा असताना ढवळायची चाटली, तर पाठीत रट्टा. "थुंकी लागली की खळ मेली!" मला वाटायचं, म्हाताऱ्याचं सोवळं. बाईंना फोन केला, तर म्हणतात, "हो, लाळेनं पीठ विरघळतंच. तुम्हाला सांगायचं राहिलं का?" राहिलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा... चार महिने बाप दाखवत होता, हा चमचा, ते तुझं तोंड, आणि मी त्याच्या वाटीत माझी लाळ कालवत होतो, आणि त्याच्या तोंडातला चमचाही परत त्याच वाटीत. लाज वाटते हो सांगायला.

मग मात्र शिस्त! लहान लहान वाट्या, चमचा धुतल्याशिवाय परत बुडवायचा नाही, धाकटा फुटू नये म्हणून थर्मामीटरचा काटा सत्तरच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि चाखणं बंद! काडीनंसुद्धा नाही, माझा माझ्या जिभेवर विश्वासच उरला नव्हता. अकरा दिवस! एक ठसका नाही. रोज विचारायचो, "बाबा, काही कमी आहे का?" बाबा म्हणायचे, "नाही." तीस वर्षांत पहिल्यांदा! मी ओट्याशी जाऊन रडलो, खरंच सांगतो. परवा दुपारी झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ होती, हृदय थांबलं. नळी नाही घालू दिली.

आज सकाळी फ्रीज उघडला, तर शेवटची वाटी तशीच. काय खळ हो, अजून मध! म्हटलं, आता कुणाला द्यायचीय, चमचा घेतला आणि चाखली. ...अळणी. चाखून मीठ टाकायचो ना, चाखणं बंद, तर मीठही बंद! आणि वर गहू कच्चा. धाकट्याला जपता जपता थोरला शेवटपर्यंत शिजलाच नव्हता. जन्मभर खळीला नावं ठेवणारा माणूस अकरा दिवस हे गिळत होता, आणि काही कमी आहे का विचारलं की, "नाही."

आता दुसरा शब्द होता कुठं त्यांच्याकडे, कळतं मला. पण आयुष्यात एकदाच मिळालेली शाबासकी आहे हो... कच्ची, अळणी, कशी का असेना, गिळायला नको?